वंशावळीची खबरबात : आडनावाच्या रकान्यात 'लक्ष्मय्या'

मंडळी, आजोबांच्या चुलतभावाची लग्ननोंद अखेर हाती लागली. 1953च्या मुंबई विवाह नोंदणी कायद्याखालची आहे. त्याआधीच्या लग्नांना आपल्याला लग्नपत्रिका, पुरोहिताच्या वह्या आणि आहेराच्या वह्या यांवरच भागवावं लागतं, म्हणून हा कागद बघून जीव भांड्यात पडला. पण वराच्या आडनावाच्या रकान्यात लिहिलंय 'लक्ष्मय्या'. आमच्या घराण्यात असलं आडनाव कुणाचंच नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्यांना हा घोळ लगेच कळेल. आमच्यासारखी पद्मशाली विणकर घराणी निजामाच्या तेलंगणातून हातमागामागे इथं आली. तेलुगूत इंटिपेरु, म्हणजे घराण्याचं नाव, आधी येतं. मराठी छापील अर्जात मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, शेवटी आडनाव. समजा, नवरदेवानं घरच्या रिवाजानं 'गड्डम राजय्या लक्ष्मय्या' असं सांगितलं. कारकुनानं ऐकलं तसं ओळीनं भरलं, की 'गड्डम' हे पाळण्यातलं नाव ठरतं आणि बाप आडनाव होऊन बसतो. आमच्या कागदात तिन्ही रकाने असेच सरकलेत.

आडनावाच्या जागी '-य्या' किंवा '-प्पा' दिसलं की मी आता पहिला रकाना बघतो. पण हा नियम डोळे झाकून लावू नका. 'श्रीराम' हे आमच्यात चांगलं नांदतं इंटिपेरु आहे. ते पहिल्या जागी बघून कुणी नाव समजेल आणि दुसऱ्याच घरात पोचेल. म्हणून मी तर म्हणेन, आडनाव हा त्या ओळीतला सगळ्यात कच्चा पुरावा. आधी बापाचं नाव, पेठ आणि साक्षीदार जुळवा. आमच्याकडे याच नवरदेवाच्या थोरल्या भावाच्या लग्नपत्रिकेत वडील तेच, पत्ता साखर पेठेचाच, शिवाय गोत्रही छापलेलं. गोत्र फार कामाचं. सगोत्र लग्न होत नाही, त्यामुळे वर आणि वधू एकाच गोत्राचे दिसले तर माणूस जुळवण्यात कुठंतरी गडबड आहे असं धरून चालायचं.

आता आहेराची वही. ही म्हणजे खरी मेजवानी! 'मिलवाले – 2 रु.', 'भिवंडीवाले – धोतरजोडी', 'मठ – खण व 1 रु.', 'पाटील – सव्वा रुपया'. पहिली दोन आडनावं नव्हेतच. एक जण गिरणीत कामाला, दुसरं बिऱ्हाड भिवंडीच्या मागावर गेलेलं. 'मठ' हे बहुधा शेजारचं कन्नड जंगमाचं घर, हिरेमठ वगैरेंपैकी कुणीतरी. वही लिहिणाऱ्यानं शेपूट तेवढं ठेवलं. आणि गावाचं नाव नसलेला पाटील शोधणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ते वतनाचं नाव, त्याच्या पोटात जाधव असेल नाहीतर बिराजदार.

नांदेडकडची शाखा असलेल्यांसाठी एक जोड. तिकडे आणि विदर्भात तेलुगू घराण्यांच्या नावापुढं '-वार' लागतं, गड्डमचं गड्डमवार होतं. लग्ननोंदींच्या सूचीत दोन्ही बघा. मात्र तेवढ्यावरून नातं जोडू नका, इंटिपेरु सारखं असलेली घराणी ढिगानं आहेत.

वधूचं माहेर अजून अडलंय. नोंदीत 'एमूल' वाटतंय, शाई पसरलीय. तेलुगूत शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' हा 'ये'कडे झुकतो, त्यामुळे तेच घर येमूल, यमूल असंही सापडतं, आणि सूची अक्षरवार असली की ही रूपं पार वेगवेगळ्या पानांवर पडतात. 'ए'ची पानं चाळून झाली, आता 'य'ची घेणार आहे. त्याच सुमाराच्या, भवानी पेठेतल्या येमूलांच्या घरची लग्नपत्रिका कुणाकडे असेल तर गोत्राची ओळ तेवढी कळवा.