तोल्मिनचं कोर्ट आणि आजोबांचं खरेदीखत

तासगावच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली. बस्त्यांची धूळ अजून नाकात आहे, म्हणून तोल्मिनचं वाचताना रमलो.

सोचा नदीकाठचं हे स्लोव्हेनी बोलणारं गाव, तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात. १८४८ च्या क्रांतीपर्यंत ऑस्ट्रियात कुळांच्या तंट्यांचा निवाडा जमीनदारच करायचा. म्हणजे वादीही तोच, न्यायाधीशही तोच! मग सरकारनं ती न्यायालयं मोडून न्यायजिल्हे आखले. तोल्मिन जिल्ह्यात असे तीन: तोल्मिन, बोवेत्स, त्सेर्क्नो. आपलं तालुका कोर्टच समजा. पुढं १९२० च्या करारानं मुलूख इटलीत गेला, १९४७ ला युगोस्लाव्हियात, १९९१ पासून स्लोव्हेनियात.

आमच्याकडं आजोबांच्या खतावर ‘जिल्हा सातारा’, वडिलांच्या कागदावर ‘दक्षिण सातारा’ (१९४९ ते १९६०, एवढंच त्याचं आयुष्य), माझ्या कागदांवर ‘सांगली’. विहीर तीच, बांधाची भांडणंही तीच.

पण तोल्मिनकरांचे हाल वेगळे. १९२५ ला इटलीनं कोर्टात इटालियन सक्तीची केली. स्वतःच्याच दाव्यात दुभाषा लावायचा! हसू नये म्हणा. आजोबांचं खत मोडीत आहे, ते वाचून घ्यायला मलाही माणूस शोधत साताऱ्याला जावं लागलं.