आधी चिंचोके, मग पाढे

इंग्लंडहून पुण्याला सुट्टीला आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पाढे कुठपर्यंत आलेत?" माझा मुलगा सात वर्षांचा. तिकडची दुसरी नुकतीच संपलीय आणि त्याला दोन, पाच आणि दहाचेच पाढे येतात. इथली मामेभावंडं पंधरापर्यंत घडाघडा म्हणून दाखवतात. मग माझ्या आईला काळजी वाटते, आणि ती पोटतिडकीची असते म्हणून नीट सांगावंसं वाटतं.

तिकडच्या अभ्यासक्रमात दुसरीपर्यंत एवढेच पाढे आहेत. बारापर्यंतचे चौथीच्या अखेरीस यावे लागतात आणि तेव्हा संगणकावर चाचणीही होते: 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद. म्हणजे पाठांतर सुटलेलं नाही, उशिरा येतं. त्याआधी मुलांनी संख्या हाताळायच्या असतात.

घरी आम्ही वहीच्या पानावर दहा घरं आखतो, वर पाच, खाली पाच, आणि त्यात आईनेच दिलेले चिंचोके मांडतो. आठ मांडले की दोन घरं रिकामी दिसतात. आता 8 अधिक 5 करायचे, तर पाचातले दोन त्या घरांत सरकवायचे. दहा भरले, बाहेर तीन उरले. हे इतक्यांदा हाताखालून गेलंय, की 28 अधिक 5 विचारलं तरी तो बोटं मोजत बसत नाही. आधी तीस पुरे करतो, मग तेहेतीस म्हणतो.

सापशिडीही खेळतो. तेविसावर असताना चार पडले, तर "एक, दोन, तीन, चार" नाही, "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" असं म्हणत सरकायचं. गीता रामाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी 2008 साली अमेरिकेतल्या बालवाडीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक ते दहा आकड्यांचा सरळ पट खेळलेल्या मुलांची संख्यांची समज वाढली. तसाच पण रंगांचा पट खेळलेल्यांची वाढली नाही.

पण पुण्यात जे आहे ते मला तिकडे मिळत नाही. तिकडे आमची भाजी बहुतेक पाकिटबंद येते. परवा महात्मा फुले मंडईत गेलो. आता बरेच जण डिजिटल काटा वापरतात, पण एका मावशींकडे अजून तागडी होती. मी पाव किलो गवार मागितली. मुलगा वजनं न्याहाळत होता. म्हणाला, "आई, यांच्याकडे पावचं वजनच नाहीये!" मावशी म्हणाल्या, "दोनशे घे, त्यावर पन्नास ठेव. झाला पाव." मग भेंडी पाऊण किलो हवी होती. मावशींनी तागडी त्याच्यापुढे धरली. त्याने पाचशेचं वजन ठेवलं, थांबला, मग दोनशे आणि पन्नास उचलले. "अर्धा आणि पाव म्हणजे पाऊण?" मावशींनी मान डोलावली आणि भेंडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या.

संध्याकाळी आईने विचारलं, सव्वा किलोला काय काय ठेवशील? त्याने लगेच सांगितलं. त्यानंतर तिने त्याला तीनचा पाढा म्हणायला बसवलं, आणि मी अडवलं नाही. आजीच्या सुरात पाढे पाठ होणं मला हवंच आहे, फक्त तीन चोक बाराचे बारा चिंचोके त्याने आधी मांडलेले असावेत.

तुमच्या घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर त्याला मंडईत न्या. सकाळी लवकर जा. गर्दी कमी असते, विक्रेत्यांनाही सवड असते, आणि तागडीवालं कुणी भेटलं, तर विचारल्यावर वजनं हातात देतात.