वाटी बदलली का?

‘गुडघ्याची वाटी बदलली का गं?’ हे मला महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच. चाळिशीतल्या बाईचं गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की सगळ्यांना आजीचा बदललेला गुडघा आठवतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वाटी माझीच आहे. तिला फक्त बांधून ठेवलंय.

ती पहिल्यांदा निसटली शाळेत, खो-खोच्या खांबाला वळसा घेताना. पाऊल जमिनीत रुतलेलं आणि अंग वळलं. गुडघ्यासमोर नुसता खळगा, बाहेरच्या अंगाला टेंगूळ. पाय हळूच सरळ केल्यावर ‘टक्’ करून जागेवर बसली. पुढे मंगळागौरीच्या फुगडीत. मग रिक्षातून उतरताना. शेवटी शेवटी तर कूस बदलतानाही. मालिशवाल्या मावशी ‘शीर चढलीय’ म्हणायच्या आणि मी चार वर्षं ते ऐकलं, याचा अजून राग येतो. स्वतःचाच.

डॉक्टरांनी पाय सैल सोडायला लावून वाटी अंगठ्याने जराशी बाहेर ढकलली. मी त्यांचं मनगटच धरलं. ते हसले, ‘झाली तपासणी.’

वाटीला आतल्या बाजूने मांडीच्या हाडाशी धरून ठेवणारा एक पट्टा असतो, एमपीएफएल नावाचा. वाटी निसटते तेव्हा तो बहुधा फाटतो, आणि भरला तरी सैल राहतो. गुडघा वाकतानाच्या पहिल्या २०-३० अंशांत भिस्त त्याच्यावरच. त्यापुढे वाटी हाडाच्या खाचेत बसते. माझी खाचही उथळ. म्हणून मांडीच्या मागच्या बाजूच्या स्नायूची एक बारीक दोरी काढून तिचा नवा पट्टा केला. वाटीखालची दोरी नडगीच्या ज्या उंचवट्याला जोडलेली असते, तो खाचेपासून किती बाहेर आहे हेही एमआरआयवर मोजतात. साधारण २० मिलिमीटरच्या वर गेलं तर तो उंचवटा कापून, आत सरकवून स्क्रूने बसवण्याचा विचार होतो. माझं १४ भरलं. हाड वाचलं.

खरा घाम नंतर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, एवढंच काम. पहिल्या आठवड्यात मांडी हुकूमच ऐकेना. मी तिच्याकडे बघत बसायचे, ती माझ्याकडे.

फुगडीला डॉक्टरांची हरकत नाही. गेल्या श्रावणात नणंदेने हात पुढे केले. मी म्हटलं, थांबा, आधी चहा टाकते.