केस पेपरवरचं निदान बदलून घेताना

चिकनगुनियाचा ताप उतरला, थकवा काही गेला नाही. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून घर झाडलं, भाकरी थापल्या, की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी डॉक्टर बदलत गेले, एका ओपीडीत रडले. तिथून मानसोपचाराकडे पाठवलं आणि थोडक्याच बोलण्यावर केस पेपरवर ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे स्वभाव-वागण्याच्या साच्यातलाच विकार, असं लिहिलं गेलं. मग जिथे जाईन तिथे आधी तो कागद वाचायचे. “टेन्शन घेऊ नका ताई,” एवढ्यावर बोळवण. व्यक्तिमत्त्व विकार असणं कमीपणाचं नाही. पण माझ्या दुखण्याकडे कोणी बघतच नव्हतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम २५ नुसार आपले कागद मागता येतात, हे मावसभावाने सांगितलं. लेखी अर्ज दिला. बरेच हेलपाटे झाले, पण झेरॉक्स मिळाली.

ती घेऊन जळगावला दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी आईला आत बोलावलं. आई अहिराणीतच बोलली, “मनी पोर पहिले अशी नव्हती.” कापूस वेचणीला मी किती पुढे असायचे, हे ती सांगत सुटली. मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं. हा विकार म्हणायचा तर वागण्याचा तो साचा तरुणपणापासून दिसायला हवा, आणि तो दुसऱ्या आजारामुळे आलेला नसावा, असं त्या म्हणाल्या. थकव्याच्या रुग्णांत हा विकार जास्त असतो का, यावर अभ्यासांतही एकमत नाही.

मग त्यांनी मला फिजिशियनकडे पाठवलं. फिजिशियननी आडवं झोपवून नाडी मोजली, नंतर भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं केलं आणि दर मिनिटाला मोजत राहिले. नाडी चढतच गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली. सहा महिन्यांवरचा थकवा, श्रमानंतर बळावणारा त्रास, झोपूनही न जाणारा शीण आणि उभं राहवत नाही, हे सगळं धरून त्यांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार, असं लिहिलं. मॅडमनीही आधीचं निदान लागू नसल्याचं सहीनिशी लिहून दिलं.

औषधाने हा आजार बरा होत नाही. कामं तुकड्यातुकड्याने करते. नवीन डॉक्टरांकडे जाताना मॅडमचा कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवते. तुमच्यावर ही वेळ आली असेल, तर आजाराआधीचे तुम्ही ज्याला ठाऊक आहात, असं घरचं माणूस सोबत न्या.