बर्फ जास्त, इन्सुलिन खलास

आमच्या औषधाच्या लाईनमध्ये कुणालाही विचारा, फ्रिजचा माल कसा पाठवलास, उत्तर ठरलेलं, "बर्फ घातलाय की भरपूर." भरपूर घातला म्हणजे सेफ, हे डोक्यात असं पक्कं बसलंय की विचारूच नका. खरं इन्सुलिन काय, हिपॅटायटिस बी ची लस काय, लहान मुलांची पाच रोगांवरची पेंटाव्हॅलेंट लस काय, या मालाला बेळगावच्या मे महिन्यापेक्षा तुमच्या त्या भरपूर बर्फाचाच धोका जास्त आहे. चालू केलेली इन्सुलिनची बाटली २५-३० डिग्रीत बाहेर राहिली तरी बहुतेक प्रकारात महिनाभर चालते, डब्यातल्या कागदावर लिहिलेलंच असतंय, कोण वाचतंय म्हणा. पण तीच बाटली एकदा गोठली की मग परत वितळून दिसायला कितीही चांगली दिसू दे, ती टाकायची, विषय संपला. हिपॅटायटिस बी ची लस तर उणे अर्ध्या डिग्रीच्या आसपासच गोठायला लागते, त्यातलं अॅल्युमिनियमचं संयुग गोळा होऊन खाली बसतं आणि लस निकामी. आणि फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक असतो उणे १५-२० ला, तो थेट बाटलीला चिकटवून टेप मारली की झालं काम.

सरकारी लसीकरणवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे. बेळगावात टिळकवाडीतलं आपलं व्हॅक्सीन डेपो म्हटलं की हल्ली लोकांना ग्राऊंड आणि मॉर्निंग वॉक आठवतो, खरं जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कोव्हिशिल्डची गाडी आली ती तिथंच. तर त्या खात्याच्या सिस्टर लोकांना बघा, गावात जायच्या आधी आईसपॅक बाहेर काढून ठेवतात, पॅकला घाम सुटला आणि कानाजवळ हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात. पाणी डुचमळतंय म्हणजे आत बर्फ आणि पाणी दोन्ही आहे, म्हणजे पॅक शून्याच्या खाली नाही. साधी युक्ती, पैसा लागत नाही, आणि प्रायव्हेटमध्ये दहातले दोघं पण करत नसतील असं माझं मत.

आता पीसीएमचं सांगतो, फेज चेंज मटेरियल. नाव जड आहे, वस्तू तुमच्या घरात आहे. थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते ना, ते २४ डिग्रीच्या आसपास होतंय. वितळताना ते तेल आजूबाजूची उष्णता ओढून घेतं आणि सगळं वितळून होईपर्यंत स्वतः त्याच डिग्रीला थांबून राहतं. बर्फाचंही तेच, १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल ओढतो, तेवढ्या उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून ८० डिग्रीपर्यंत तापलं असतं! म्हणजे ताकदीला बर्फ एक नंबर, त्यात वादच नाही, खरं तो थांबतो शून्यावर आणि आपल्या फ्रिजच्या मालाला पाहिजे २ ते ८ डिग्री. मग शून्याच्या जागी ५-६ डिग्रीला वितळणारं काहीतरी शोधायचं, एवढीच आयडिया. पॅराफिनच्या, म्हणजे मेणाच्या जातीतलं टेट्राडेकेन साधारण ६ ला वितळतं, किलोमागे दोनशेच्या वर किलोजूल ओढतं, फ्रिजच्या मालाला परफेक्ट. त्याच जातीतलं हेक्साडेकेन १८ ला. आणि खाली जायचं असेल तर मिठाचं पाणी, २३ टक्क्यांचं केलं की उणे २१ ला. पॅराफिन पेट घेतं हे मात्र लक्षात ठेवा. क्षारांचे पण पॅक येतात, ते पेटत नाहीत, पण पुष्कळदा थिजवून-वितळवून क्षार आणि पाणी वेगळं पडायला लागतं, मग पॅक नावालाच.

लोक इथं फसतात ते असं, पाच डिग्रीचा पॅक म्हणजे पाचच डिग्री देणार असं समजून डीप फ्रीजरमधून काढला की तसाच डब्यात टाकतात. अरे बाबा, तो थिजलेला आहे खरं आत्ता उणे २० ला आहे, पाचला यायच्या आधी तो बर्फासारखाच चावणार! त्यालाही बाहेर थोडा वेळ द्यायला लागतो. आणि उलट नुसत्या फ्रिजमध्ये ४ डिग्रीला ठेवून तो थिजायची वाट बघत बसलात तर दोन दिवस झाले तरी पोटात पातळच, वरून कडक लागतो आणि आपण फसतो. मधे लाईट गेली तर बोलायलाच नको.

दुसरं म्हणजे डबा. पॅकवर पैसे घालणारे डब्याला शेजारच्या दुकानातून आणलेला पातळ थर्माकोलचा खोका वापरतात, मग काय उपयोग. हिशोब करून बघू. फुटाला जरा कमी असा चौकोनी डबा, सगळ्या बाजू मिळून अर्धा चौरस मीटर, थर्माकोल ४ सेंटीमीटर, बाहेर ३५ आणि आत ५ डिग्री. आत साधारण १३ वॅट उष्णता सारखी झिरपत राहते. २४ तासांचे झाले अकराशे किलोजूलच्या वर, म्हणजे पीसीएम पाच किलो तरी पाहिजे, आणि आत माल किती तर चार बाटल्या! थर्माकोल ८ सेंटीमीटर केला की झिरप निम्म्यावर, पॅकही निम्मे. व्हॅक्यूम पॅनेलचा, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या फळ्यांचा डबा घेतला तर त्याहून कितीतरी कमी, खरं एक खिळा टोचला की ते पॅनेल गेलं, आणि आपल्याकडे बसच्या टपावर पार्सल कसं फेकतात ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं, सगळीकडे पीसीएम नाचवू नका. खानापूरला पाठवायचंय, तासाभराचा रस्ता, चंदगडला सकाळच्या गाडीने जाणारं, दुपारच्या आत दुकानात पोचणारं, तिथं घाम सुटलेले आईसपॅक आणि पॅक-बाटल्यांच्या मधे पुठ्ठा एवढं बास. पुठ्ठा विसरायचा नाही. अथणी, रायबागची गोष्ट वेगळी, तिकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पार्सल स्टँडवर उन्हात पडून राहतं, दुकानदार जेवायला गेलेला असतो आणि संध्याकाळी येऊन घेतो. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणारं पण, पावसाळ्यात घाट कधी अडकेल सांगता येत नाही. अशा ठिकाणी मी डोळे झाकून पीसीएम म्हणतो, कारण तिथं पोचायचा टाईम आपल्या हातात नाही.

आणखी एक, हे फक्त गार करायचं काम नाही, दोन्हीकडून चालतंय. बाहेर गारठा पडला तर पातळ झालेलं पीसीएम परत थिजायला लागतं आणि थिजताना उष्णता सोडतं, म्हणजे माल गोठू देत नाही. आपल्या बेळगावच्या डिसेंबरला त्याची गरज नाही, काश्मीर-लडाखला पाठवणाऱ्यांना आहे. आपल्याकडे १५ ते २५ डिग्रीत ठेवायची औषधं असतात, त्यांना १८-२० वाला पॅक बारा महिने चालतो, सकाळी गारवा दुपारी उकाडा असल्या हवेत तर खासच.

डब्यात टेंपरेचर लॉगर, म्हणजे टेंपरेचर नोंदत राहणारं यंत्र टाकत असाल तर तो पॅकवर ठेवू नका वो, बाटल्यांच्या मधे ठेवा, नाहीतर तुम्ही पॅकचं टेंपरेचर बघत बसणार. आणि जास्तीत जास्त किती गेलं तेवढंच बघणारे लई आहेत, आधी कमीत कमी किती आलं ते बघा.

राहिला पैसा. पॅक महाग आहेत, पण शेकड्याने वेळा वापरता येतात, म्हणजे परत आले तर. ओळखीच्या रूटवर ड्रायव्हर मामाकडून दुसऱ्या दिवशी रिकामा डबा येतो, त्यांना चहापाणी दिलं की झालं. कुरिअरने गेलेला पॅक मात्र कुणाच्या तरी घरी फ्रीजमध्ये सरबताच्या बाटल्यांशेजारी जाऊन बसतो. मी आता बिलातच पॅकचं डिपॉझिट लावतो, परत आला की पुढच्या बिलात वजा. सुरुवातीला दोन-तीन दुकानदार चिडले, एकाने तर फोनवर "आम्ही काय पळून चाललोय का वो" म्हणून सुनावलं, खरं पॅक यायला लागले.