अ‍ॅक्रनचं विटांचं घर: बघाच, पण चालत जाऊ नका

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनच्या डाउनटाउनपासून स्टॅन हीवेट हॉल हे जुनं विटांचं घर "चालत अर्धा तास, सपाट रस्ता" असं मला सांगण्यात आलं होतं. साफ चुकीचं. अंतर जवळपास 6 किलोमीटर. वेस्ट मार्केट स्ट्रीटला लागलात की चढ सुरू, सावली तुटक, आणि जुलैचं ऊन थेट डोक्यावर. मला दीड तास लागला. पुढे पोर्टेज पाथवर वळल्यावर जीव जरा थाऱ्यावर आला. कायाहोगा आणि टस्करावस या नद्यांमधल्या जमिनीवरून तिथले मूळनिवासी होड्या खांद्यावर घेऊन ज्या वाटेने जात, तीच ही वाट. हे ठाऊक असलं तरी चालू नका, गाडीच करा. परतताना भाडं न विचारता टॅक्सीत बसलो आणि नंतर कळलं, दुप्पट पैसे गेले. आधी विचारा.

आता घर. नावाचा अर्थ जुन्या इंग्रजीत दगडाची खाण, म्हणून मी दगडी वाडा शोधत होतो. समोर आली लाल विटांची लांबलचक भिंत आणि वर धुराड्यांची रांग. थकवा तिथेच उतरला. गुडइयर टायर कंपनीचे एक संस्थापक फ्रँक सायबर्लिंग यांनी 1912 ते 1915 मध्ये हे 65 खोल्यांचं घर बांधलं. वास्तुकार चार्ल्स श्नायडर यांना घेऊन कुटुंब इंग्लंडला गेलं, तिथली ट्यूडर (सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या इंग्रजी शैलीतली) घरं पाहिली आणि तसंच घर अमेरिकेत उभं केलं. पण आत सगळं 20व्या शतकातलं! टेलिफोन लाकडी पॅनेलिंगमागे दडवलेत. मार्गदर्शकाने एक फळी उघडून दाखवली, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वीच्या भासणाऱ्या भिंतीतून काळा रिसीव्हर डोकावला. मार्गदर्शकाशिवाय हे दिसलं नसतं, म्हणून मार्गदर्शित फेरीच घ्या.

दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, 'केवळ आमच्यासाठी नव्हे'. 1921 मध्ये सायबर्लिंग यांच्या हातून गुडइयर गेली, घर मात्र राहिलं. 1955 मध्ये ते वारले आणि 1957 मध्ये घर लोकांसाठी खुलं झालं. ते वाक्य वाचून मी पायरीवर बराच वेळ उभा होतो.

बागा छान आहेत. भूर्ज वृक्षांची दुतर्फा वाट संध्याकाळी पाहा. किमान चार तास ठेवा. ऐन हिवाळ्यात घर बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वार आणि वेळा तपासा.