गाडीत गवार निवडणं मी सोडलं

परवा ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी 'स्वतःसाठी जगा' असा लांबलचक फॉरवर्ड टाकला. पहाटे पाचला उठा, कोमट पाण्यात लिंबू पिळा, वीस मिनिटं ध्यान, मग डायरी, मग सूर्यनमस्कार. पाचला तर मी उठतेच. पाणी भरायचं, मुलाचा क्लास, तीन डबे, सासूबाईंच्या उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या. डायरी कधी लिहायची, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये? असले सल्ले लिहिणाऱ्यांच्या घरी पोळ्या दुसरंच कुणीतरी लाटत असणार, असा मला दाट संशय आहे.

ज्यांचा दिवस आधीच काठोकाठ भरलाय, त्यांनी त्यात चांगल्या सवयीसुद्धा कोंबू नयेत. आधी काहीतरी बाहेर काढावं. मी काय काय काढलं तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी गवार. चर्चगेटहून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्यांत लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून, मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील, निदान फोटोत तरी. चर्चगेट-बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुटली. तेव्हापासून गाड्या वाढल्या, डबे वाढले, पण मांडीवरची पिशवी तशीच आहे. या फोटोंखाली 'मुंबईकर स्त्रीची जिद्द' वगैरे छापतात. जिद्द कसली? घरी पोचल्यावर ओट्यासमोर उभं राहायचं, म्हणून हे काम गाडीत उरकायचं, एवढंच. मीही वर्षानुवर्षं उरकलं. मग एकदा पिशवी उघडलीच नाही. शेजारची म्हणाली, "काय गं, आज भाजी नाही?" म्हटलं, "आहे. पण आज मी नाहीये."

घरी सासूबाईंना सांगताना जरा धाकधूक होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "स्टेशनबाहेर निवडलेली मिळते की. चार पैसे जास्त घेतात, पण आण. नाहीतर मला दे, दुपारी मी काय करते? टीव्हीच बघते." इतकी वर्षं हे कुणी बोललं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आता गाडीत मी काहीही करत नाही. खरंच काही नाही. कधी डोळे मिटते, कधी दाराकडून येणारं वारं खाते, कधी समोरचीच्या कानातल्यांची किंमत मनात लावते. फोन पर्समध्ये असतो. हा रिकामा तास आधीपासून माझ्याच दिवसात होता, मी त्यात गवार भरत होते.

सकाळचं गणितही बदललं. फास्ट गाडी पंधरा-वीस मिनिटं वाचवते आणि त्या बदल्यात मला चेपून, घामाघूम करून चर्चगेटला उतरवते. मग टेबलाशी बसल्यावर अर्धा तास नुसता जीव ताळ्यावर येण्यात जातो. म्हणजे वाचलं काय? आता बोरिवलीहूनच सुटणारी स्लो पकडते. सीट मिळेलच असं नाही, पण मिळण्याची आशा तरी असते. त्यासाठी घरातून लवकर निघावं लागतं, म्हणून सकाळी केर-फरशी होत नाही. ती संध्याकाळवर गेली आणि संध्याकाळची नवऱ्यावर गेली. तो कोपरे पुसत नाही. मी कोपऱ्यांकडे बघत नाही.

मरीन लाइन्स गेलं की उतरायच्या आधी एक गोष्ट करते. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, गाडी चर्चगेटात शिरेपर्यंत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं ते काम. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त ठेवायचा. चटई लागत नाही, कुणाला कळतही नाही.

पुढे ओव्हल मैदानातून चालत जाते. एका हाताला राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारती. २०१८ पासून हे सगळं युनेस्कोच्या यादीत आहे. परदेशी माणसं तिकीट काढून बघायला येतात आणि आपण शेअर टॅक्सीच्या रांगेत घड्याळ बघत उभे राहतो. पावसाळ्यात मात्र चिखलातून जात नाही, सरळ टॅक्सी.

आता पाण्याबद्दल, आणि इथे जरा सविस्तर बोलते, कारण फॉरवर्डमध्ये 'भरपूर पाणी प्या' एवढंच लिहिलेलं असतं. प्यायचं कळतं हो, जायचं कुठे? लोकलमध्ये शौचालय नसतं. तासाभराचा प्रवास, त्याआधी प्लॅटफॉर्म, त्यानंतर चालणं. आमच्या ऑफिसात लेडीज टॉयलेट दुसऱ्या मजल्यावर, आणि कित्येक वर्षं त्याची चावी शिपायाकडे असायची. 'चावी द्या' हे चारचौघांत किती वेळा म्हणायचं? म्हणून बायका सकाळी चहाच्या घोटावर निघतात आणि दुपारपर्यंत कोरड्या राहतात. मग डोकं दुखतं, थकवा येतो, लघवीला जळजळ सुरू होते. माझ्या डब्यातल्या किती जणींना वरचेवर युरिन इन्फेक्शन होतं, ते मोजण्यात अर्थ नाही. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती उगाच नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांनी मात्र पैसे मोजायचे, असा कारभार होता.

आमच्या ऑफिसात आम्ही चौघीजणींनी मिळून साहेबांना अर्ज दिला आणि चावीची भानगड मिटवली. आता दाराला आतून कडी आहे आणि बाहेर चावी नाही. माझ्या मते त्या वर्षात मी स्वतःच्या तब्येतीसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. ऑफिसात पोचल्यावर लगेच एक बाटली संपवते, दुसरी दुपारी, निघायच्या तासभर आधी पाणी थांबवते आणि निघताना जाऊन येते. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय, गडद झाली की कमी पडतंय. डॉक्टरांनी सांगितलेली ही खूण कुठल्याही ॲपपेक्षा बरी. आणि लागली की उठायचं. 'एवढं व्हाउचर संपवते आणि जाते' हे बंद. व्हाउचर कुठे पळून जात नाही.

दुपारी डबा टेबलावर खात नाही. खाल्ला की कुणीतरी फाइल घेऊन येतंच आणि 'तुम्ही खा खा' म्हणत उभं राहतं. डबा झाला की हॉर्निमन सर्कलभोवती एक फेरी. जेवल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखर तितकी चढत नाही, माझ्या माहेरी सगळ्यांनाच मधुमेह, त्यामुळे हे मनावर घेतलंय. ज्यांच्या नावाने ते सर्कल आहे त्या बेंजामिन हॉर्निमन या संपादकांना इंग्रजांनी १९१९ मध्ये देशाबाहेर घालवलं होतं. मला तर फक्त टेबलापासून दहा मिनिटं लांब जायचं असतं.

चहाची एकच अट घातली, साडेतीननंतर नाही. चहातलं कॅफिन पाच-एक तासांनीही निम्मं अंगात असतं, मग रात्री छताकडे बघत पडायचं. पाचचं कटिंग सोडणं मला गवार सोडण्यापेक्षा जड गेलं, अजूनही जातं. एखाद्या शुक्रवारी घेतेही.

फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. स्टेशनबाहेरून साधं गजराचं घड्याळ आणलं, कारण 'गजर लावायचाय' या निमित्ताने फोन उशाशी येतो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून कोण कुणाला काय म्हणालं ते रात्री अकराला वाचलं जातं. झोप निदान सात तास हवी म्हणतात. माझी होत नाही, सहा-सव्वासहा होते. आधीपेक्षा बरी आहे. रविवारी दुपारी पाऊण तास भर टाकते.

एवढं सगळं करूनही काही वेळा भागत नाही, हेही लिहायला हवं. आमच्या गाडीतली एक मैत्रीण काही महिने दादर गेलं की रडायची. कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. तिला कुणी फिरायला जा म्हणायचं, कुणी ओम म्हण म्हणायचं. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, आणि वर हे सल्ले. तिथे पाण्याची बाटली आणि स्लो लोकल काय करणार? शेवटी तिने १४४१६ ला फोन लावला. टेली मानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र कधीही, मराठीतून बोलता येतं. बोलून तिला इतपत धीर आला की पुढच्या आठवड्यात ती केईएमच्या मानसोपचार ओपीडीत गेली. केसपेपर काढायला सकाळी लवकर जावं लागतं, म्हणून आमच्यातली एक तिच्याबरोबर रजा टाकून गेली. आता गोळ्या चालू आहेत आणि ती पुन्हा आमच्याशी सीटवरून भांडते.

तो नंबर आम्ही गाडीच्या ग्रुपवर सगळ्यात वर पिन केलाय. तुमचाही असा एखादा ग्रुप असेल, तर आज टाकून ठेवा.